‘ब्रेड’: चूक लगेच माफ करणारा, पण डोकं चालवल्याशिवाय पुढे न सोडणारा व्हिडिओ गेम

टीव्ही गेमची कॅसेट लावून मारिओ खेळलेल्या प्रत्येकाला एक दुःख चांगलं ठाऊक आहे. अख्खी लेव्हल पार करून आलात, शेवटच्या खड्ड्यावरून उडी मारली, ती जराशी कमी पडली आणि मारिओ गेला खाली! परत मागून सुरुवात. त्यात शेजारी टपून बसलेला भाऊ म्हणणार, “मेलास ना? दे इकडे रिमोट, आता माझा नंबर!”

त्या क्षणी एक बटण दाबलं असतं आणि पडलेला मारिओ खड्ड्यातून उलटा वर आला असता, पुन्हा काठावर उभा राहिला असता, तर? एकदा नाही, हवं तितक्या वेळा?

मग खेळात मजा काय उरली, असं तुम्ही म्हणाल. नेमक्या याच प्रश्नावर एका माणसाने तीनेक वर्षं आणि स्वतःच्या खिशातले जवळपास २ लाख डॉलर खर्च केले. त्यातून जो गेम तयार झाला, त्याचं नाव ‘ब्रेड’.

नाव ऐकून पाव-बटर आठवलं असेल, तर थांबा. हा ब्रेड म्हणजे पाव नव्हे, वेणी. केसांची घालतात ती. हे नाव का, ते गेम खेळता खेळता हळूहळू कळतं.

गेम आहे तरी काय?

‘ब्रेड’ हा पझल प्लॅटफॉर्मर आहे. प्लॅटफॉर्मर म्हणजे मारिओच्या जातीचा खेळ: आपलं पात्र बाजूने दिसतं, ते डावी-उजवीकडे पळतं, उड्या मारत फळ्यांवर, कड्यांवर चढतं आणि शत्रूंच्या डोक्यावर उडी मारून त्यांना संपवतं. त्यात कोड्यांची भर पडली, की झाला पझल प्लॅटफॉर्मर.

इथला नायक आहे टिम. सूट घातलेला, टाय लावलेला, एखाद्या ऑफिसातून थेट परीकथेत येऊन पडलेला छोटासा माणूस. त्याला एका राजकन्येला शोधायचं आहे. तिला कुणा राक्षसाने नेलंय आणि त्याला टिमचीच काहीतरी चूक कारणीभूत आहे, एवढंच आपल्याला सुरुवातीला कळतं.

टिमच्या घरातल्या प्रत्येक खोलीचं दार एका वेगळ्या जगात उघडतं. प्रत्येक जगात एका फुटलेल्या चित्राचे १२ तुकडे विखुरलेले असतात. अशी पाच जगं, म्हणजे एकूण ६० तुकडे. ते मिळवायचे आणि जिगसॉसारखे जोडून चित्र पूर्ण करायचं. गंमत म्हणजे गेम सुरू होतो तो थेट ‘जग २’पासून. ‘जग १’ घराच्या माळ्यावर आहे आणि तिथे जायची शिडी बाकीची चित्रं पूर्ण झाल्यावरच तयार होते.

मारिओशी असलेलं नातं हा गेम लपवतही नाही. जग संपताना एक छोटा डायनासोरसारखा प्राणी येतो आणि राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे, असं सांगतो. मारिओ खेळलेल्यांना हा निरोप तोंडपाठ असेल! गेममधल्या एका लेव्हलचं नाव ‘जंपमन’ आहे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या गेममध्ये मारिओचं मूळ नाव हेच होतं.

बनवला कुणी?

अमेरिकेतला गेम डिझायनर जोनाथन ब्लो याने २००४ च्या डिसेंबरमध्ये यावर काम सुरू केलं. वर्षभरात खेळता येईल असा गेम तयार झाला आणि २००६ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला डिझाइनसाठी पुरस्कारही मिळाला. कोडी जवळपास सगळी जागेवर होती. पण दिसायला तो अगदीच कामचलाऊ होता.

शेवटी ६ ऑगस्ट २००८ रोजी ‘ब्रेड’ एक्सबॉक्स ३६० वर आला, किंमत १५ डॉलर. डाउनलोड करायच्या छोट्या गेमसाठी ही किंमत फार आहे, अशी तेव्हा बरीच ओरड झाली. पण समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला. मोठी कंपनी पाठीशी नसताना दोन-चार माणसं मिळून असा गेम करू शकतात, हे ज्या मोजक्या गेम्समुळे जगाच्या लक्षात आलं, त्यांत ‘ब्रेड’चं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. २०१२ च्या ‘इंडी गेम: द मूव्ही’ या माहितीपटातही ब्लो दिसतो. लोकांनी गेमचं कौतुक तर भरपूर केलं, पण त्यात आपल्याला जे म्हणायचं होतं ते अनेकांपर्यंत पोहोचलंच नाही, याची खंत तो तिथे बोलून दाखवतो.

वेळ मागे फिरवायचे वेगवेगळे नियम

वेळ मागे नेण्याची कल्पना ‘ब्रेड’च्या आधीही होती. २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्र जादुई वाळू वापरून काही सेकंद मागे जातो. पण तिथे वाळू मोजकी असते. जपून वापरावी लागते.

‘ब्रेड’मध्ये असं रेशनिंग नाही. बटण दाबून ठेवा आणि हवं तर लेव्हलच्या सुरुवातीपर्यंत मागे जा. आयुष्य मोजलेलं नाही, गुण नाहीत, घड्याळाची टिकटिक नाही. मरण्याची भीतीच संपली.

आता आव्हान उरलं कुठे? तर नियमांत. प्रत्येक जगात वेळेचा एक नवा नियम येतो.

जग २: वेळ सरळ मागे जाते. चुकलात, तर मागे या आणि पुन्हा करा. या जगाचं नावच वेळ आणि क्षमा अशा अर्थाचं आहे.

जग ३: काही वस्तू हिरव्या चमकतात. वेळ मागे नेली, तरी त्यांच्यावर परिणाम होत नाही. सगळं जग उलटं फिरतं, पण त्या मात्र आपल्याच तालात पुढे चालत राहतात.

जग ४: इथे वेळ टिमच्या पावलांना बांधलेली आहे. उजवीकडे चाललात तर वेळ पुढे, डावीकडे वळलात तर मागे. तुम्ही थांबलात की सगळं जग थांबलं!

जग ५: वेळ मागे नेऊन सोडली की टिमची एक सावली तयार होते. तुम्ही आत्ता जे करून पुसून टाकलंत, तेच ती पुन्हा करून दाखवते. म्हणजे एकाच वेळी दोन कामं: एक सावली करणार, दुसरं तुम्ही.

जग ६: टिमला एक अंगठी मिळते. ती जिथे ठेवाल तिथे आजूबाजूची वेळ मंदावते. जितकं जवळ, तितकं संथ.

आणि माळ्यावरच्या जग १ मध्ये वेळ आधीच उलटी वाहत असते.

बटणं किती लागतात? चालणं, उडी मारणं, वेळ मागे नेणं, चावी उचलण्यासारखं एखादं काम. बस्स. नव्या शक्ती नाहीत, हत्यारं नाहीत. तरी प्रत्येक जगात गेल्यावर आधीच्या जगात शिकलेलं अर्धं विसरावं लागतं.

एक साधं उदाहरण

सगळी मजा बिघडू नये म्हणून जग ३ मधलं अगदी सुरुवातीचंच कोडं घेऊ.

एका खोल खड्ड्यात चावी पडली आहे. खाली उडी मारून ती घेता येते, पण वर यायला काही मार्ग नाही. मारिओच्या सवयीने आपण आधी भिंतीवर उड्या मारून बघतो. जमत नाही. मग कुठे लपलेली शिडी आहे का, ते शोधतो. तीही नसते.

मग लक्षात येतं, चावी हिरवी चमकते आहे!

म्हणजे खाली उडी मारायची, चावी घ्यायची आणि वेळ मागे न्यायची. टिम उलटा उडत वर काठावर येतो, कारण तो तिथूनच खाली गेला होता. पण चावीवर वेळेचा परिणाम होत नाही. ती हातातच राहते. जे बटण तुम्ही आतापर्यंत चूक पुसायला वापरत होतात, तेच आता शिडीचं काम करतं.

या कोड्यात बोटांची चपळाई शून्य. नियम समजला की सुटलं आणि नाही समजला तर तासभर उड्या मारूनही काही उपयोग नाही. ‘ब्रेड’ कठीण आहे तो असा. मारिओत काय करायचं ते माहीत असतं, फक्त हाताला जमत नसतं. इथे हात तयार असतो, पण काय करायचं तेच कळत नसतं.

तीच लेव्हल नव्या नियमाखाली पुन्हा समोर ठेवणं ही ब्लोची आणखी एक खोडी. ‘हंट’ नावाच्या लेव्हलमध्ये सगळे शत्रू मारले की तुकडा मिळतो. जग २ मध्ये हे जमून जातं. जग ४ मध्ये तीच लेव्हल परत येते, पण आता वेळ पावलांना बांधलेली. एका शत्रूला मारून डावीकडे वळलात, की वेळ मागे जाते आणि तो पुन्हा जिवंत! मग कुणाला आधी मारायचं, कुठल्या वाटेने जायचं, याचा क्रम आधी डोक्यात बसवावा लागतो.

इतका सुंदर कसा दिसतो?

‘ब्रेड’चा स्क्रीनशॉट पाहिला, तर कुणी जलरंगात रंगवलेलं चित्र वाटतं. ढगाळ आकाश, ओलसर हिरवळ, लांबवर धूसर होत गेलेली झाडं. हे काम चित्रकार डेव्हिड हेलमनचं. त्याआधी तो इंटरनेटवर कॉमिक्स काढायचा. ब्लोच्या खर्चाचा मोठा भाग हेलमनचं मानधन आणि स्वतःचं घर चालवणं यांवरच गेला.

चित्रं कोडी झाल्यावर आली, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. फळी कुठे हवी, शत्रू कुठून येणार, चावी कुठे पडणार, हे सगळं ठरलेलं होतं. त्यातला एकही इंच न हलवता हेलमनला त्यावर रंग चढवायचे होते. चित्र इतकं भरगच्च करून चालणार नव्हतं, की खेळणाऱ्याला पाय कुठे ठेवायचा तेच दिसू नये.

म्हणून मागचं दृश्य मऊ, धूसर राहतं आणि उभं राहायची जागा, चावी, दार, शत्रू हे सगळं ठसठशीत दिसतं. प्रत्येक जगाचा रंगही तिथल्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो. चित्र डोळ्यांना सुखावतं, पण कोड्यातली महत्त्वाची गोष्ट कधीच लपवत नाही.

संगीताचंही तसंच. चेलो, हार्प, फिडल अशा वाद्यांच्या संथ, लांबलचक रचना यात आहेत. त्या गेमसाठी बनवलेल्या नाहीत, आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या संगीतातून परवाना घेऊन निवडलेल्या आहेत. निवडताना एक कसोटी होती: वेळ मागे नेली की संगीतही उलटं वाजतं आणि ते उलटं ऐकतानाही कानाला बरं वाटलं पाहिजे.

‘अधिकृत’ उत्तरपत्रिकेची गंमत

हल्ली कुठलाही गेम अडला, की आपण काय करतो? यूट्यूबवर नाव टाकतो, व्हिडिओ बघतो, तसंच करतो आणि पुढे जातो. याला वॉकथ्रू म्हणतात.

जोनाथन ब्लोने ‘ब्रेड’चा अधिकृत वॉकथ्रू स्वतःच इंटरनेटवर टाकला होता. लोक आशेने उघडायचे आणि वाचून हसावं की रडावं ते कळायचं नाही. कारण त्याचा सगळा सारांश एकच होता: वॉकथ्रू वापरू नका! यातली कोडी प्रामाणिक आहेत, फसवणूक नाही, अंदाजपंचे काही करावं लागत नाही. स्वतः सोडवलंत तर जो आनंद मिळेल, तो उत्तर वाचून मिळणार नाही.

हा निव्वळ आगाऊपणा वाटेल. पण वर सांगितलेलं चावीचं कोडं आठवा. आता तुम्हाला त्याचं उत्तर माहीत आहे. उद्या गेम घेतलात, तर ते कोडं तुम्ही दहा सेकंदांत सोडवाल. पण “अरे, चावी तर हिरवी आहे!” हा क्षण तुमच्या वाट्याला येणार नाही. तो आम्ही या लेखात खर्च करून टाकला. म्हणून मुद्दाम सुरुवातीचं, सोपं कोडं निवडलं.

मोठ्या ॲक्शन गेममध्ये एखादी जागा बघून पार केली, तरी पुढे लढाई असते, फिरायला मोठं जग असतं. ‘ब्रेड’ पहिल्यांदा खेळायला साधारण पाच-सहा तास पुरतात आणि त्यातला बराचसा वेळ आपण नुसतंच स्क्रीनकडे बघत विचार करत असतो. तो विचार काढून टाकला, तर उरतो तो तासाभराचा सुंदर स्क्रीनसेव्हर.

अडकलात तर काय कराल?

अडकणार तर नक्कीच. तेव्हा या गोष्टी करून बघा:

१. आधी नियम आठवा. या जगात वेळ कशी वागते, ते एका वाक्यात स्वतःला सांगा. बहुतेक वेळा आपण आधीच्या जगाच्या सवयीने खेळत असतो.

२. काय मागे जातं आणि काय जात नाही, ते बघा. चावी, दार, फळी, शत्रू यांपैकी कोण चमकतंय? काहीही न करता नुसती वेळ मागे-पुढे करून निरीक्षण करा. त्याला पैसे पडत नाहीत.

३. बोटांना दोष देऊ नका. तीच उडी वीस वेळा चुकत असेल, तर बहुधा उडी चुकत नाहीये, विचार चुकतोय. थोडी चपळाई काही ठिकाणी लागते, पण अचाट कसरत करावी लागत असेल तर दुसरा सोपा मार्ग आहे, असं समजा.

४. पुढे निघा. तुकडा मिळाला नाही म्हणून बहुतेक ठिकाणी गेम अडवत नाही. तो तसाच सोडून पुढच्या दारातून जाता येतं. पुढचं सोपं कोडं अनेकदा मागच्या अवघड कोड्याची किल्ली देऊन जातं.

५. गेम बंद करा. खरंच! झोपून उठल्यावर, आंघोळ करताना, लोकलमध्ये उभ्या उभ्या अचानक उत्तर सुचतं. जग ४ मधल्या ‘फिकल कम्पॅनियन’ या लेव्हलने तर भल्याभल्यांना असं रात्रभर जागवलंय.

आणि ज्यांना हेही पुरत नाही, त्यांच्यासाठी गेममध्ये आठ लपलेले तारे आहेत. त्यातल्या एका ताऱ्यासाठी गोगलगायीच्या वेगाने सरकणाऱ्या ढगावर सुमारे दोन तास बसून राहावं लागतं. वेळेवरचा गेम आहे, तर वेळ द्यायला नको?

गोष्ट कशाबद्दल आहे?

प्रत्येक जगाच्या आधी काही पुस्तकं उघडी ठेवलेली असतात. जवळ गेलं की त्यातला छोटा मजकूर दिसतो. इटालो कॅल्व्हिनोचं ‘इनव्हिजिबल सिटीज’ आणि ॲलन लाइटमनचं ‘आइन्स्टाइन्स ड्रीम्स’ या पुस्तकांचा प्रभाव ब्लोने स्वतः सांगितला आहे. अनेकजण हा मजकूर न वाचता पळत पुढे जातात. तसं करू नका.

कारण हळूहळू लक्षात येतं, की वेळेचे नियम म्हणजे टिमच्याच मनाचे प्रश्न आहेत. चूक झाली आणि तिच्यातून शिकलो, पण शिक्षा मात्र भोगावी लागली नाही, तर? काही गोष्टी कितीही मागे गेलो तरी बदलणारच नाहीत, तर? आपण घेतला नाही तो निर्णय सावलीसारखा शेजारून चालत असेल, तर? बोटातल्या अंगठीमुळेच सगळं मंदावत असेल, तर?

शेवटची लेव्हल काय आहे, ते आम्ही इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो, की तिथे तुम्ही पुन्हा तेच ओळखीचं बटण दाबता आणि जे पाहिलं असं वाटत होतं, त्याचा अर्थच फिरतो. त्यानंतरच्या मजकुरात १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीकडे बोट दाखवणारा एक संदर्भ येतो, त्यामुळे काहींनी अख्ख्या गेमला अणुबॉम्बचं रूपक मानलं. काहींसाठी ती तुटलेल्या नात्याची गोष्ट आहे. ब्लोने मात्र एकच एक अर्थ सांगून हा वाद मिटवायचं टाळलं आहे.

आज खेळायचा तर?

१४ मे २०२४ रोजी ‘ब्रेड: ॲनिव्हर्सरी एडिशन’ आली. त्यात चित्रं मोठ्या स्क्रीनसाठी नव्याने रंगवली आहेत आणि गेम कसा घडला हे सांगणारी १५ तासांहून अधिक कॉमेंट्री आहे. ती कॉम्प्युटर आणि कन्सोलवर निघाली. समीक्षकांना ती आवडली, पण विक्री फारच वाईट झाल्याचं ब्लोने जाहीरपणे सांगितलं. पहिल्यांदा खेळत असाल, तर कॉमेंट्री नंतर ऐका. त्यात कोड्यांची चर्चा आहे.

या गेममध्ये उडी मागे नेता येते, मरण मागे नेता येतं, तुटलेला पूल पुन्हा उभा करता येतो. एकदा पाहिलेलं उत्तर मात्र कुठल्याच बटणाने मागे नेता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी अडकलात, की यूट्यूब उघडण्याआधी अजून दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसा.

तुम्ही कुठला गेम कुणाचीही मदत न घेता पूर्ण केला होता? कुठल्या कोड्यावर सगळ्यात जास्त वेळ अडकला होतात? कमेंटमध्ये नक्की सांगा. फक्त उत्तर लिहू नका!